मशीनखालची सहाण

मी सहाण बोलतेय. चंदन उगाळायची, वीतभर रुंद, तीन ठेंगण्या पायांची सहाण. तुम्ही म्हणाल, सहाणेची जागा देवघरात, तिनं तिथं गप्प पडून राहावं. खरंय. पण माझी गेली सहा वर्षं गेली सोनिवलीच्या एका नव्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर, कपडे धुवायच्या मशीनखाली. वर मशीन घरघरत होतं आणि शेजारी उभी राहून माझी मालकीण कौसाबाई रोज म्हणत होती, "विठीनं माझी सहाण गिळली गं, गिळली!"

मी तिच्या पायापासून हातभर लांब होते. आता सांगा, दगडाला तोंड नसणं ही केवढी शिक्षा! त्यातून माझ्यासारख्या बडबड्या दगडाला.

माझं वय विचारू नका. कोटी म्हणजे एकावर किती शून्यं ते मला येत नाही. चाळीतली पोरं घोकायची तेवढे पाढे ऐकून जे शिकले तेच माझं शिक्षण. डोंगरांच्या मानानं मी मध्यमवयीन बाई आहे एवढं समजा. आणि त्या वयाच्या बाईला असते तशी मलाही दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते बघायची हौस आहे. लोक तिला भोचकपणा म्हणतात. मी तिला आपुलकी म्हणते.

ही हौस जन्माचीच. मी मुळात दगड नव्हतेच, मी रेती होते. पार तिकडे, आज ज्याला सौराष्ट्र म्हणतात तिथं, फार जुन्या काळी मोठमोठ्या नद्या वाहत होत्या. त्यांना नावं नव्हती, कारण नावं ठेवायला माणूसच नव्हता. त्या नद्या लांबलांबचे डोंगर खरवडून रेती आणायच्या आणि वळणावर जरा दमल्या की खाली टाकायच्या. बाजारातून आलेली बाई कशी पिशवी ओट्यावर टाकून आधी पाणी पिते, अगदी तसं. पुढचा पूर आला की आणखी एक थर. प्रत्येक कण वेगळ्या गावचा. "तू कुठली गं? तुमच्याकडे पाऊसपाणी कसं?" अशी आमची चौकशी तेव्हापासून सुरू आहे.

पाणी उथळ असलं की आमच्या अंगावर बारीक बारीक लाटा उमटायच्या. नव्या लुगड्याच्या घडीवर चुण्या पडतात तशा. मग एकदा काय झालं, नदीनं तोंडच फिरवलं. रुसली म्हणा. आलीच नाही. वरचा चिखल वाळला, तांबडा झाला, त्याच्याखाली लाटा जशाच्या तशा राहिल्या. किती काळ गेला देव जाणे. मग एके दिवशी बाईसाहेब आल्या, काही झालंच नाही अशा थाटात, आणि पुन्हा रेती टाकायला लागल्या. आम्हीही काही विचारलं नाही. पण तो रुसवा माझ्या अंगात राहून गेला, एक केसाएवढी तांबडी रेघ होऊन. ही रेघ ध्यानात ठेवा, तिचं काम पुढं आहे.

नंतरची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण त्यात बोलायला कुणीच नव्हतं. थरावर थर पडत गेले. वरच्यांच्या ओझ्यानं खालचे दबले, पाण्यातल्या चुन्यानं आम्हाला एकमेकांना चिकटवलं, आणि आमचा दगड झाला. वालुकाश्म म्हणतात आम्हाला. हे भारी नाव मला फार उशिरा कळलं, कुणीतरी पाठ्यपुस्तक मोठ्यानं वाचत होतं तेव्हा. पुढं जमीन वर उचलली गेली, नद्या गेल्या, आम्ही टेकडी होऊन उन्हात बसलो. मग माणसं आली, खाण निघाली, आणि एका म्हाताऱ्या कारागिरानं माझा तुकडा मांडीत घेऊन तीन पायांची सहाण घडवली. हात हलका होता त्याचा. घडवताना तो तोंडानं सारखी फुंकर घालायचा. इतक्या काळानंतर मला पहिल्यांदा वारा लागला तो त्याचा.

तिथून ट्रकात पोत्यावर पोतं घालून मी उल्हासनगरच्या कॅम्पात आले. एका सिंधी दुकानदाराच्या पायरीवर आम्ही दहा-बारा सहाणा मांडलेल्या. तिथं मला अंबरनाथच्या जनाबाईनं बघितलं. ही कौसाबाईची सासू. तिनं मला उचललं, बोट थुंकीनं ओलं केलं, माझ्या अंगावर घासलं आणि जिभेला लावलं.

"अम्मा, ये क्या करती हो?" दुकानदार ओरडला. "पत्थर है, पेढा नहीं!"

"कच लागते का बघते," जनाबाई म्हणाली. "माझ्या नातवाच्या पोटात जायचंय हे. तुझ्या नाही."

बाकीच्या सगळ्यांची चव घेऊन तिनं मलाच निवडलं. मला आजही त्याचा ताठा आहे.

जनाबाईच्या चाळीतल्या स्वयंपाकघरात पाटा आणि वरवंटा आधीपासून होते. दोघंही काळेकुट्ट, इथल्याच कातळाचे. आगीतून आलेली मंडळी ती. मी पाण्यातून आलेली. मला बघून पाटा म्हणाला, "परगावची दिसते." वरवंटा म्हणाला, "रंगानं उजळ आहे, पण ठिसूळ असणार. आपल्या भावकीनं इथलं शंकराचं देऊळ उभं केलंय, हिच्या भावकीनं काय केलंय?" मी म्हटलं, मी बाळं मोठी करीन. आणि केली.

जनाबाईचा नियम होता. चाळीत कुणाच्याही घरी पाळणा हलला की सहाण त्या घरी जायची, आणि बाळाचं उष्टावण होईपर्यंत तिथंच राहायची. रोज सकाळी बाळगुटी. आईच्या दुधात वेखंडाचे वळसे इतके, हळकुंडाचे इतके, मुरुडशेंगेचे इतके, बाळ किरकिर करत असेल तर जायफळाचा एकच, दुसरा घातलात तर खबरदार. वळसे मोजायला कौसाबाई स्वतः जायची. मोजायचं निमित्त, खरं म्हणजे त्या घरात सासूसुनेचं कसं चाललंय ते बघायचं. मी आणि ती, आमचं जमायचं ते उगाच नाही. दर वळशाला माझे दोन-चार कण गुटीत उतरायचे. कुणाच्या दाताखाली येत नसत, पण पोटात जात. त्या चाळीतल्या निम्म्या पोरांच्या पोटात माझी नदी आहे. आज त्यातला कुणी पोलिसात आहे, कुणी बँकेत. भेटले तर ओळखणार नाहीत. चालायचंच.

आता विठा. कौसाबाईच्या शेजारची खोली विठाची. सासर जांभूळचं, शेतकरी घर, पण नवरा कारखान्यात म्हणून बिऱ्हाड अंबरनाथला. दोघींच्या मधे एकच भिंत, आणि त्या भिंतीवर लाटणं दोनदा वाजलं की समजायचं, चहा टाकलाय. वीस वर्षं ते लाटणं वाजलं. भिंतीचा रंग तेवढ्याच जागी उडाला होता.

सहा वर्षांपूर्वी चाळ पाडायची ठरली. तेव्हा मी विठाकडे होते, तिच्या लेकीच्या, सोनूच्या बाळासाठी. बाळाचं उष्टावण झालं आणि त्याच आठवड्यात कौसाबाईचं सामान सोनिवलीला निघालं. विठानं मला धुतलं, पुसलं, माझ्यावर चिमूटभर साखर ठेवली, कारण मागून आणलेली वस्तू रिकामी परत द्यायची नाही अशी तिची रीत. आणि ती शेजारी आली. कौसाबाई खाली टेम्पोवाल्याशी भांडत होती. घरात तिचा मुलगा अक्षय, खांद्यात मोबाईल धरलेला, दोन्ही हातांत वायरी.

"अक्षा, ही सहाण आईला दे हां. नीट दे."

"हां काकू, हां. अरे नाही, तुला नाही बोलत, तू बोल…"

असं म्हणून त्यानं मला घेतलं आणि जवळच्या पिशवीत टाकलं. त्या पिशवीत फरशीचे तीन तुकडे होते. नव्या घरात मशीनखाली द्यायला त्यानं जमवलेले. साखर पिशवीत सांडली.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. नव्या घरात मोरीत मशीन बसवताना तीन पायांखाली तीन फरश्या गेल्या. चौथ्याखाली काही मिळेना. अक्षयनं पिशवीत हात घातला. इतक्या वर्षांच्या उगाळण्यानं माझ्या मधोमध खळगा पडलाय, त्यात मशीनचा रबरी पाय असा बसला की जणू मापानं केलाय. "परफेक्ट!" अक्षय म्हणाला. पोरगं गुणी आहे, पण त्याला सहाण आणि वीट यात फरक कळत नाही. दोन्ही दगडच, असं त्याचं शिक्षण.

चार दिवसांनी कौसाबाईला माझी आठवण झाली. विठाला फोन. विठा म्हणाली, "अगं, मी अक्षाच्या हातात दिली."

"अक्षय, विठाकाकूनं तुझ्याकडे सहाण दिली?"

"सहाण? मला काय दिलं-बिलं नाही," तो म्हणाला. खोटं बोलला नाही हो. विसरला होता. फोनवर असताना त्याच्या हातात हत्ती दिला असता तरी तो विसरला असता.

पण कौसाबाईपुढं आता दोन शब्द होते, एक मुलाचा, एक मैत्रिणीचा. तिनं मुलाचा घेतला. मला तेव्हाच तडा जायचा, पण मी तेव्हा नवीन होते त्या जागेला.

त्यानंतर लाटणं नाही, फोन नाही. नुसतं मशीन आणि कौसाबाईचं तोंड. भाजीवालीला सांगितलं, लिफ्टमधे भेटणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं, जुन्या चाळीतल्या बायकांना फोन करकरून सांगितलं. विठा बिचारीनं कंटाळून कॅम्पातून एक नवी सहाण विकत घेतली, पांढरीशुभ्र, संगमरवराची, आणि कुणाच्या तरी हाती पाठवून दिली. तर कौसाबाई म्हणते, "बघा! चोरली नसती तर भरपाई कशाला दिली असती?" आणि ती सहाण दह्याच्या भांड्यावर झाकण म्हणून ठेवली. आता या युक्तिवादाला दगडानं काय उत्तर द्यायचं?

माझ्यापर्यंत रोज खराटा यायचा. बटणं, सेफ्टी पिना, एक मोजा, सगळं माझ्या पायाशी जमायचं. एकदा कौसाबाईच्या कानातलं घरंगळून आलं. ती कंबर धरून वाकली, मोबाईलची बत्ती लावली, आणि थेट माझ्याकडे बघितलं. माझं काळीज, असलं तर, तोंडाशी आलं. तिनं कानातलं उचललं आणि म्हणाली, "कसले कसले धोंडे घालून ठेवलेत मेल्यानं!" आणि उठता उठता पुढं, "आज माझी सहाण असती तर कंबरेला सुंठ उगाळून लावली असती. विठीचं वाटोळं होवो."

मी रडले नाही. पण त्या दिवशी नळाला बारवी धरणाचं पाणी जोरात आलं होतं, मोरीत साचलं, तेव्हा माझं अंग जरा जास्तच ओलं होतं.

मग अक्षयच्या बायकोला, पायलला, मुलगी झाली. तिचं माहेर लांब, म्हणून बाळंतपण इथंच. कौसाबाईनं लगेच गुटीचा विषय काढला. पायल बोलायला मऊ, पण मागं हटणारी नाही.

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय, सहा महिने वरचं काहीच द्यायचं नाही."

"अगं, तुझा नवरा याच गुटीवर वाढलाय."

"म्हणूनच म्हणते, नको," पायल म्हणाली. मी खाली एकटीच हसले.

गुटी टळली, पण लंगोट टळले नाहीत. दुपटी, झबली, लंगोट, दिवसातून तीनदा मशीन. घुसळण सुरू झाली की माझ्या अंगातून कण सुटायचे. रोज सकाळी माझ्याभोवती चिमूटभर रेती. मला वाटलं, झिजतेच आहे तर जरा कामाला येईल अशी झिजू. त्या तांबड्या रेघेत पाणी मुरत होतं. नदी रुसली होती ना, ती जागा. तिथंच मी कमजोर. मी तिथं धरून ठेवणं सोडून दिलं.

एका दुपारी मशीननं जोरात गिरकी घेतली आणि माझ्यात कट्ट आवाज झाला. मशीन एका अंगाला कललं, धडधडत मोरीतून बाहेर निघालं, दारापर्यंत आलं. कौसाबाई ओरडली, बाळ ओरडलं, पायलनं बटण बंद केलं.

मशीनवाला कैलास आला. त्यानं मशीन कलतं करून खाली हात घातला.

"मावशी, खाली दगड फुटलाय. हा बघा." आणि त्यानं मला लादीवर ठेवलं. मी आडवी उकलले होते, चपातीचे पदर सुटतात तशी. खालची चकती तीन पायांची, वरची खळग्याची. "आत डिझाईन आहे बरं का, मावशी. एकदम भारी."

खालच्या चकतीवर त्या लाटा होत्या. बारीक, एकामागून एक, कालच पाणी ओसरल्यासारख्या. माझा तो चेहरा मीसुद्धा तेव्हाच बघितला. कोट्यवधी वर्षं अंगात होता आणि कुणाला दाखवता आला नव्हता.

कौसाबाई मात्र लाटा बघत नव्हती. तिनं वरची चकती उचलली, खळग्यावरून अंगठा फिरवला. तो अंगठा तीस वर्षं त्याच जागी फिरला होता. तिच्या तोंडाचं पाणी पळालं.

"आई," पायल हळूच म्हणाली, "ही तीच ना?"

"कुठली?" कौसाबाई म्हणाली. "असल्या सहाणा पैशाला पासरी मिळतात." आणि मला पदराखाली घेऊन आत गेली आणि तांदळाच्या डब्यात, पार तळाशी पुरून टाकलं.

तीन दिवस मी तांदळात. बाहेर विचित्र शांतता. कौसाबाई विठाचं नावच घेईना. मला तर चुकल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी पायल तांदूळ काढायला आली, तिचा हात मला लागला. तिनं डबा बंद केला आणि जाऊन सासूपुढं बसली.

"मी लग्न करून आले त्या दिवसापासून विठामावशींच्या नावानं ऐकतेय. मी त्यांना बघितलंसुद्धा नाही, आई. पण त्या चोर आहेत हे मला पाठ आहे. उद्या माझी मुलगी बोलायला लागेल. तिलाही पाठ होईल."

कौसाबाईनं तांदळाच्या डब्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मी सांगितलं तर लोक काय म्हणतील?"

"लोक हसतील."

"मग?"

"विठामावशींना काय म्हणाले असतील, ते विचारलंत कधी?"

संध्याकाळी अक्षय आला तेव्हा त्याला जी बोलणी बसली ती इथं सांगत नाही. एवढंच सांगते की त्या दिवसापासून तो हातात काही घेण्याआधी फोन ठेवतो.

दुसऱ्या दिवशी कौसाबाईनं बारशाचं बोलावणं करायचं म्हणून हळदीकुंकवाची कोयरी घेतली, मला दोन तुकड्यांत कापडी पिशवीत घातलं, वर पांढरी सहाण ठेवली, आणि रिक्षा केली जांभूळला. चाळ गेल्यापासून विठा तिथंच सासरच्या घरी राहत होती. वाटेत ती पुटपुटत होती. "विठे, बोलावणं आहे… नाही. विठे, चुकलं… नाही, नाही." रिक्षावाल्यानं दोनदा मागं वळून बघितलं.

विठा अंगणात भात वाळत घालत होती. तिनं मान वर केली आणि परत खाली घातली.

"कोन हाय?"

"मी. कौसा."

"झडती घ्यायला आलीस? घे. कोंबड्यांच्या खुराड्यात बघ, भाताच्या कनगीत बघ. घर उघडं हाय."

कौसाबाईनं पिशवी उघडली. आधी पांढरी, मग माझी खालची चकती, मग वरची. विठानं वरची बघितली आणि तिच्या खळग्यात बोट घातलं.

"कुटं मिळाली?"

"मशीनखाली. माझ्या. अक्षयनं पायाखाली दिली होती." कौसाबाईनं दोन्ही तुकडे एकमेकांवर बसवले. "तू त्याच्या हातात दिली होतीस. तू खरं सांगत होतीस, विठे."

मला वाटलं, आता विठा हसेल. ती हसली नाही. भातातले खडे वेचत राहिली.

"गेल्या साली पुतण्याचं लगीन होतं," ती म्हणाली. "पंगत उठली तशी एक बाई म्हनली, ताटं मोजून घ्या गं, विठा येऊन गेलीय. सगळ्या हसल्या. मी बी हसले. घरी येऊन दोन दिवस जेवले नाय."

कौसाबाईनं हे कधी ऐकलंच नव्हतं. तिला वाटत होतं, तिचं बोलणं लिफ्टमधेच विरलं. ते जांभूळपर्यंत चालत आलं होतं.

"काय करू सांग," ती म्हणाली. "पाया पडू?"

"पाया नको पडू, तुला उठता यायचं नाय." विठानं खडा लांब फेकला. "जिथं माझं नाव घेतलंस तिथं सांग. चार भिंतीत नको. मोठ्यानं."

"बारशाला सगळ्या येतायत. चाळीतल्या झाडून."

"मंग तिथं."

"तू येशील?"

"बघू," विठा म्हणाली. "खडे निवडायचेत."

बारसं इमारतीच्या खालच्या हॉलमधे होतं. फुगे, पाळणा, पेढे. विठा सगळ्यांच्या आधी आली. खुर्च्या रिकाम्या होत्या तरी पुढच्या रांगेत मधोमध बसली, हाताची घडी घालून. पायलनं पाया पडून पाणी दिलं, मागं पंख्याखाली बसा म्हणाली.

"हितंच बरी," विठा म्हणाली. "नीट ऐकू आलं पायजे."

बायका जमल्या. विठाला बघून कुजबुज झाली. बाळाचं नाव ठेवलं, टाळ्या झाल्या. आणि कौसाबाई पाळण्याशेजारी उभी राहिली, एका हातात मी आणि दुसऱ्या हातातही मीच.

"बायांनो, थांबा. घुगऱ्या नंतर. सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत होते, विठानं माझी सहाण घेतली म्हणून. तर ती ही. माझ्याच मोरीत होती, माझ्याच मशीनखाली. मी रोज तिच्यासमोर उभी राहून विठाला शिव्या देत होते. चोर कुणी नव्हतं. आंधळी मी होते. आता हसा."

बायका काय, हसल्याच. एक तर हसता हसता खुर्चीवरून घसरली. पण या वेळचं हसू कौसाबाईच्या वाट्याचं होतं, आणि तिनं ते उभ्यानं घेतलं. मागून कुणीतरी ओरडलं, "मशीनखाली अजून काय काय आहे बघ गं! माझी चाळणी चार वर्षं दिसत नाही!" विठाची हाताची घडी तेव्हा सुटली. तोंडाला पदर लावून ती अशी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. की आधी पाणी आलं आणि मग हसली, मला नक्की दिसलं नाही.

मग वाटणीचा प्रश्न आला. कौसाबाई म्हणाली, "विठे, आता ती दोन झालीच आहे. एक तू घे. ही पायांची घे, ही देखणी आहे. लाटा बघ कशा."

"पायांची नको बाई. पाय होते म्हणून तर मशीनखाली पळून गेली, आनि आळ माझ्यावर. बिनपायाचीच दे. एका जागी राहील."

"पण त्यात सासूबाईंच्या हातचा खळगा आहे…" कौसाबाईनं खळग्यावरून एकदा अंगठा फिरवला. मग तिनं ती चकती विठाच्या ओटीत घातली, वर चिमूटभर साखर ठेवून. "घे. तशीही सासूबाईंना माझ्यापेक्षा तूच जास्त आवडायचीस."

"हे सहा वर्षं आधी मान्य केलं असतंस तर?" विठा म्हणाली.

जाण्याआधी विठानं तिथंच माझ्या खळग्यात चंदनाचे दोन वळसे घेतले. बाळाकडे बोट नेलं आणि थांबून पायलकडे बघितलं.

"पोटात नको," पायल म्हणाली. "कपाळाला चालेल."

म्हणून आता मी दोन घरी राहते. एक मी सोनिवलीच्या देवघरात, लाटा वर करून. एक मी जांभूळच्या ओसरीवर. तुमच्याशी बोलतेय ती कुठली, ते नाही सांगणार. माझ्यासारख्या चौकस बाईला दोन घरांच्या बातम्या मिळतात, याहून मोठं सुख कुठलं? मधे आता भिंत नाही, लाटणं वाजवून उपयोग नाही. पण रोज तीनच्या सुमाराला सोनिवलीतून जांभूळला फोन जातो, दोनदा वाजतो आणि कट होतो. तिकडे विठा चहा टाकते, इकडे कौसाबाई.

मशीनखाली आता अक्षयनं चौथी फरशी घातलीय. कौसाबाईनं स्वतः वाकून बघून घेतली. तिथं माझी थोडी रेती अजून पडलेली आहे. ती झाडू नका, अशी माझी विनंती आहे. नदी एकदा रुसून गेली होती आणि परत आली होती, त्याची तेवढी खूण राहू दे. आणि बायांनो, तुमची एखादी वस्तू सापडेना झाली तर शेजारणीचं नाव घ्यायच्या आधी जरा वाका. कंबर दुखली तर सुंठ उगाळून लावा. सहाण शेजारणीकडे मिळेल.